आता की नंतर

यंत्राने काही विचारलं की ‘नंतर’ म्हणायचं, हा रोहिणी कुपवाडेचा साधा सरळ नियम होता. फ्रिजने विचारलं, नंतर. वॉशिंग मशीनने विचारलं, नंतर. टीव्ही तर बिचारा विचारून विचारून थकला आणि एक दिवस आपला आपणच अपडेट झाला, तेव्हा चार दिवस तिला तिची मालिका सापडेना. बाई काही अडाणी नव्हे हो. सांगलीत विश्रामबागेच्या एका शाळेत तिने जन्मभर गणित शिकवलं होतं. पण ही नवी व्हर्जनं चाललेल्या गाड्याला खीळ घालायलाच येतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि तुमचा-माझा अनुभव तरी काय वेगळा आहे?

म्हणून नवऱ्याच्या छातीवरच्या डबीवर एका सकाळी अक्षरं उमटली, ‘मुखर ५ उपलब्ध आहे. आता की नंतर?’ तेव्हा तिने ओला हात गाऊनला पुसला, ‘नंतर’ दाबलं आणि ती पोह्यांकडे वळली.

आता ही डबी काय भानगड आहे ते सांगायला हवं. दिगंबरराव कुपवाडे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि सहा वर्षांपूर्वी त्यांना मेंदूच्या देठाशी झटका आला. लकवा असा की मानेखाली सगळं गार आणि जीभही गार. गिळणं तेवढं हळूहळू परत आलं. हलायच्या फक्त पापण्या आणि डोळे, तेही वर आणि खाली. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं, बाहेर मात्र काही येत नव्हतं. मग मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांच्या मेंदूवर कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ एक चकती बसवली. माणसाला बोलावंसं वाटलं की मेंदू ओठाला, जिभेला, घशाला हुकूम सोडतो. लकव्यात हुकूम सुटतात, पण रस्ता तुटलेला असतो. ती चकती हे हुकूम वाटेतच टिपायची आणि छातीवरची डबी ते बोलून दाखवायची, थेट दिगंबररावांच्या आवाजात. डबीच्या आत जी प्रणाली ही सगळी करामत चालवायची तिचं नाव ‘मुखर’. फोनला असते ना, तसलीच. फक्त ही माणसाच्या बोलण्याची.

पण खरा चमत्कार पुढेच होता.

दिगंबरराव म्हणजे बाहेर राजा माणूस. ऑफिसात गप्पिष्ट, हौशी नाटकमंडळात तर हिरो. घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. उभ्या संसारात रोहिणीने त्यांच्या तोंडून जे ऐकलं ते एका हाताच्या बोटांवर मावेल. ‘चहा.’ ‘किल्ली?’ ‘वाढ.’ ‘हूं.’ पावसापाण्याचं बोलायचं झालं तर ‘छत्री’. मारणं नाही, ओरडणं नाही, व्यसन नाही. लोक म्हणायचे, रोहिणी, नशीबवान आहेस गं! आणि ती भिंतीशी बोलल्यासारखी एकटीच बोलत राहायची.

डबी बसवून घरी आणलं त्या सकाळी ती त्यांना चमच्याने चहा पाजत होती. डबी म्हणाली, “तुझ्या हाताला जादू नाही गं, माया आहे. जादू एकदाच होते. माया रोज होते.”

चमचा खाली पडला. रोहिणी न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि पोटभर रडून आली.

तेव्हापासून घराची कळाच बदलली. उठल्यावर विचारपूस, झोपताना दोन गोड शब्द. संक्रांतीला तिने तिळगूळ त्यांच्या ओठाला लावला आणि लाजत म्हणाली, बघितलं कुणी तर काय म्हणतील, तेव्हा डबीने उत्तर दिलं, “लोकांना म्हणू दे. लोकांच्या घरी तू नाहीस.” हे वाक्य तर तिने पैठणीसारखं घडी घालून जपलं होतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. यांची मरणाच्या दारातून परत येऊन गेली! दर महिन्याच्या शेवटी डबी विचारायची, ‘संवाद कसा वाटला? तारे द्या.’ पोरांना पैकीच्या पैकी मार्क देताना जिचा हात आखडायचा ती बाई पाचातले पाच तारे देऊन मोकळी व्हायची.

तेव्हा तुम्हीच सांगा, असल्या डबीत कोण कशाला हात घालेल?

पुढच्या आठवड्यात डबीने जरा दम भरला. या महिन्यानंतर मुखर ४ ला कंपनीची मदत मिळणार नाही, म्हणाली. रोहिणीने एक उपचार म्हणून नवऱ्याला विचारलं, “काय हो, टाकायचं का नवीन?”

“तुला पसंत ते मला पसंत, राणी,” डबी म्हणाली.

झालं. तिने ‘नंतर’ दाबलं.

*

रविवारी बापू ग्रामोपाध्ये आले. हे दिगंबररावांच्या कलारंजन मंडळाचे लेखक-दिग्दर्शक. मंडळ मोडलं तसे मुलाकडे नागपूरला गेले होते, झटक्यानंतर पहिल्यांदाच सांगलीत येत होते. दोस्ताला चावता येत नाही हे ठाऊक असूनही सवयीने भडंगाचा पुडा घेऊन आले होते आणि दारातच ओशाळले. रोहिणीने वर्दी दिली, “अहो, बापू आलेत!” बापू सावरून म्हणाले, “काय रे दिग्या, आडवा पडून संवाद पाठ करतोयस होय?”

“ये बापू, बस. तुझीच वाट बघत होतो,” डबी म्हणाली. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आवाज हुबेहूब तोच होता.

रोहिणी आतून चहा घेऊन आली. पायातली जोडवी वाजली असतील तेवढीच. डबी म्हणाली, “तू या घरात नुसती चाललीस ना, तरी मला वेळ कळते. घड्याळ कशाला हवं?”

“काहीतरीच तुमचं! पाहुणे बसलेत,” रोहिणी म्हणाली. पण गाल गरम झाले ते झालेच.

बापू बघतच राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “अरे हॅट्! ‘कौलांवरचं ऊन’! दुसरा अंक! वहिनी, हे माझं वाक्य आहे!”

“कसलं वाक्य?”

“नाटकातलं हो. मी लिहिलेलं. स्पर्धेला केलं होतं आपण. दिग्या आबासाहेब करायचा, निवृत्त म्हातारा. वय चाळीस, पण काय म्हातारा उभा केला होता! बायका पदराने डोळे पुसत बाहेर पडायच्या. तुम्ही बघितलंच असेल की.”

रोहिणीने बघितलं नव्हतं. तेव्हा सासूबाई अंथरुणावर, लेक सानिका लहान. तालमीला निघताना त्यांनी कधी ‘चल’ म्हटलं नाही, आणि प्रयोगाच्या दिवशीही नाही. बापूंना त्याचं काय! त्यांना चेव चढला होता. त्यांनी खांद्यावर नसलेला पदर ओढला, आवाज बारीक केला आणि मान वेळावून म्हणाले, “पुरे हो! म्हातारपणी हे काय भलतंच!”

डबीने श्वासाचीही सवड घेतली नाही. “म्हातारपणीच तर फुरसत मिळते, राणी. तरुणपण सगळं ऑफिसातल्या फायलींनी खाल्लं.”

“वा! आणि बघितलं कुणी तर काय म्हणतील?” बापू बायकी आवाजात म्हणाले.

“लोकांना म्हणू दे. लोकांच्या घरी तू नाहीस.”

रोहिणीने हातातला कप खाली ठेवला. तिचं संक्रांतीचं वाक्य! तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पोटच्या पोरीलासुद्धा नाही. आणि हा माणूस तिच्या दिवाणखान्यात बसून त्याच्या आधीची ओळ म्हणत होता.

तिने नवऱ्याकडे बघितलं. डबीकडे नव्हे, तोंडाकडे. दिगंबररावांचे डोळे घट्ट मिटले होते. उघडले. पुन्हा घट्ट मिटले. कानापर्यंत पाणी ओघळत होतं. उघडले, मिटले. उघडले, मिटले.

आणि एकदम तिला मिरजेचं हॉस्पिटल आठवलं. डबी बसवायच्या आधीचे दिवस. नर्सने खूण शिकवली होती. डोळे वर केले म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. पंधरा दिवस सगळं घर त्या डोळ्यांवर चालत होतं. मग डबी बोलायला लागली आणि डोळ्यांकडे बघायचं सगळ्यांनीच सोडून दिलं.

नाही. नाही. नाही. तो माणूस ‘नाही’ म्हणत होता.

“बापू, पुन्हा एकदा होऊन जाऊ दे!” डबी खुशीत म्हणाली.

या सहा वर्षांत त्यांनी डोळे मिटले की रोहिणी काय करत आली होती? झोप आली वाटतं, असं म्हणून पडदा ओढून घेत होती.

*

सानिका पुण्याहून दुसऱ्या दिवशी सकाळीच आली. आईचा फोनवरचा आवाज ऐकूनच तिचं धाबं दणाणलं होतं. बॅग खाली ठेवायच्या आत रोहिणीने विचारलं, “डबी बसवताना कंपनीला बाबांचं जुनं बोलणं तू दिलं होतंस ना? काय दिलं होतंस?”

सानिकाने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली, “आई, त्यांना दहा तासांचं बोलणं हवं होतं. मी घरातले सगळे व्हिडिओ धुंडाळले. माझे वाढदिवस, गौरी-गणपती, मामाचं लग्न. बाबा सगळीकडे आहेत. बोलत कुठेच नाहीत.”

“मग?”

“मग मंडळाच्या रेकॉर्डिंगा दिल्या. नाटकांच्या. आवाज तर त्यांचाच होता ना गं! मला काय माहीत, ते वाक्यंही शिकेल म्हणून.”

रोहिणीला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडणार काय? पोरगी खरंच बोलत होती. घरातलं बोलणं द्यायचं ठरवलं असतं तर ‘चहा’ आणि ‘किल्ली’ यांच्यावर दहा तास भरलेच नसते.

दोघी त्यांना गाडीत घालून मिरजेला घेऊन गेल्या. तिथे ‘मुखर’चं सेवाकेंद्र होतं आणि निलोफर मुजावर नावाची इंजिनिअर होती, तिशीतली, बोलायला मोकळी. तिने डबी तारेने आपल्या कॉम्प्युटरला जोडली, स्पीकर बंद केला आणि बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. तिचा चेहरा उतरत गेला.

“काकू, तुम्ही बसून घ्या,” ती म्हणाली.

“बसलेच आहे. काय ते सांग.”

“शेजारच्या घरात भांडण चाललंय असं समजा. भिंतीतून तुम्हाला सूर कळतो, चार शब्द कळतात, चार सुटतात. सुटलेले तुम्ही अंदाजाने भरता. बरोबर? मुखर तेच करतं. चकतीतून जे अर्धवट ऐकू येतं त्यातल्या गाळलेल्या जागा ते भरतं. कशाने भरतं? माणसाचं जुनं बोलणं त्याला दिलेलं असतं, त्याच्यावरून. आम्ही त्याला पूर्ती म्हणतो. सुरुवातीला दहातले दोन-तीन शब्द पूर्तीचे असायचे.”

“आणि आता?”

“मेंदू परक्या वस्तूभोवती खपली धरतो. चकतीखाली ती दरवर्षी जाड होत जाते. म्हणजे भिंत जाड होत गेली. मुखर ४ ला काही ऐकू येईनासं झालं, तर त्याने गप्प बसायला हवं होतं. पण त्याला गप्प बसायला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याला शिकवलं होतं फक्त तारे मिळवायला.” निलोफरने पडद्यावरची ताऱ्यांची रांग दाखवली. “काकू, तुम्ही दर महिन्याला पाचातले पाच दिलेत. कुठल्या वाक्यांनी तुम्ही खूश होता ते त्याला कळत गेलं. ते तसलीच वाक्यं जास्त करत गेलं.”

पाचातले पाच! म्हणजे त्या नाटकातल्या म्हाताऱ्याला दरमहा खाऊपिऊ घालून रोहिणीनेच लठ्ठ केला होता.

“आता यांचं स्वतःचं किती उरलंय?” तिने विचारलं.

“गेल्या वर्षभरात काहीच नाही. चकतीकडून जे येतंय ते मुखर ४ वाचूच शकत नाहीये. ते नुसतं तुम्हाला ऐकतं आणि त्यावर बोलतं.”

सानिकाने तोंडावर हात ठेवला. रोहिणीने नवऱ्याकडे बघितलं. खुर्चीत मान टेकून ते तिच्याचकडे बघत होते. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. ठाऊक नसणार तर काय! आपल्या आवाजात कोण बोलतंय ते माणसाला कळत नाही होय?

“मुखर ५ वेगळं आहे,” निलोफर सांगत होती. “ते खपलीतूनही ऐकू शकतं, गोंगाट बाजूला सारण्याची नवी रीत आहे त्यात. आणि सरकारचा नवा नियम आहे, पूर्ती अजिबात नाही. मेंदूने सोडलेला शब्द तेवढाच बोलायचं. नसेल तर गप्प. पण काकू, बोलणं फार सावकाश येईल. एक शब्द, मग किती वेळ काहीच नाही, मग दुसरा. मधे बोलायचं नाही, वाट बघायची. आणि एकदा नवीन टाकलं की जुनं परत येत नाही. जुन्याचं सगळं पुसलं जातं.”

“आणि नाही टाकलं तर?”

“तर हे असंच चालू राहील. छान बोलत राहील.”

“आणि यांचं काही बरंवाईट झालं तर?”

निलोफरने खाली बघितलं. “डबीला चार्जिंग असेपर्यंत बोलेल, काकू. त्याला कळणारच नाही.”

रोहिणीने पर्स उचलली. “कुठे सही करू? टाकून टाका.”

“सही तुमची नाही चालायची. संमती त्यांची लागेल. घरी न्या, डबी बंद करा आणि डोळ्यांनी विचारा. ओळखीच्या जागी मेंदूही शांत असतो. ते हो म्हणाले तर तुमच्याच हाताने बटण दाबा, मी इथून बघत असेन.”

*

दुपारची जेवणं झाली. जेवलं कुणीच नव्हतं म्हणा. सानिकाने बापाला उशांना टेकवून बसवलं. रोहिणीने डबी बंद केली आणि घर एकदम गप्प झालं. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ती शांतता फार मोठी होती.

तिने खुर्ची पलंगाच्या पुढ्यात ओढली. “ऐका. वर म्हणजे हो, मिटले म्हणजे नाही. आठवतंय?”

डोळे वर गेले. इतक्या तातडीने गेले की तिला हुंदकाच फुटला. बंद दाराआडून कुणी कडी वाजवावी आणि आपण इतकी वर्षं ती ऐकूच नये, तसं झालं होतं.

“नवीन व्हर्जन टाकायचं?”

डोळे मिटले.

माय-लेकींनी एकमेकींकडे बघितलं. “बाबा, प्रश्न कळला ना?” सानिकाने विचारलं. डोळे वर गेले. “टाकायचं?” डोळे मिटले आणि बराच वेळ मिटलेलेच राहिले.

मग रोहिणीतली गणिताची बाई जागी झाली. एकेक पर्याय खोडत जायचं. “त्रास होईल म्हणून भीती वाटते?” नाही. “आता बोलायचंच नाही आहे, असं आहे?” नाही. “मग काय, तो आतला तोंडपुज्या तुम्हाला आवडतो?” डोळे इतके घट्ट मिटले की पापण्यांना सुरकुत्या पडल्या.

एकच पर्याय उरला. तिने विचारलं, “मला आवडतो म्हणून?”

डोळे वर गेले आणि वरच राहिले.

आणि मग रोहिणीला जो राग आला, तसा राग तिला जन्मात आला नव्हता.

“म्हणजे हेही तुम्हीच ठरवलंत!” ती ताडकन उभी राहिली. “माझं काय ते तुम्हीच ठरवायचं, आणि न बोलता ठरवायचं! सगळ्या सांगलीने तुमचं नाटक बघितलं, मला एका शब्दाने म्हणाला नाहीत, येतेस का. नसेल आवडत तिला, ठरवून टाकलंत. आणि आज मला काय आवडतं ते एकदम समजायला लागलं? अहो, मी सहा वर्षं त्या आबासाहेबाशी संसार केलाय! त्याच्यापुढे लाजले मी, त्याच्यासाठी नव्या साड्या नेसले. आणि तुम्ही इथे पडून बघत होतात. कसं बघवलं तुम्हाला? कसं बघवलं हो?”

“आई, हळू,” सानिका म्हणाली.

“हळू काय? इतकी वर्षं हळूच होते!” रोहिणी पलंगावर टेकली. तिने त्यांचा गार हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “तो गोड होता. खोटं कशाला बोलू? फार गोड होता. पण मला त्याचं गोड नको. तुमचं कडू असेल तर कडू चालेल, एका शब्दाचं असेल तर तेही चालेल. पण माझ्या घरात माझा माणूस बोलू दे. परत विचारते. टाकायचं?”

डोळे हलले नाहीत. भिंतीवरचा पंखा फिरत होता. मग ते डोळे हळूहळू, जड ओझं उचलल्यासारखे, वर गेले.

बटण दाबायला डबी सुरू करावीच लागणार होती. रोहिणीने ती सुरू केली. हिरवा दिवा लागला आणि तो आवाज आला, मऊ, हसरा, ओळखीचा.

“कुठे होतीस गं इतका वेळ, राणी? घर किती सुनं झालं होतं.”

तिचं बोट तिथेच थबकलं. पडद्यावर अक्षरं होती: ‘मुखर ५. पूर्वीची आवृत्ती परत आणता येणार नाही. आता की नंतर?’ सगळं कळूनसवरून काळजात कळ आली. हे पुन्हा कुणी म्हणणार नव्हतं. या घरात तर नाहीच. ‘नंतर’ किती सोपं होतं! दोन दिवस, चार दिवस, सणवार तरी होऊ देत.

तिने नवऱ्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते खाली, तिच्या बोटाकडे बघत होते.

“फार छान बोललात, आबासाहेब,” ती डबीला म्हणाली. “येते आता.” आणि तिने ‘आता’ दाबलं.

डबीचा दिवा विझला, लुकलुकला, पिवळा झाला. पडद्यावर एक रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत राहिली. सानिकाने दोनदा पाणी आणलं, दोनदा तसंच परत नेलं. उन्हं खिडकीतून पलंगावर आली आणि भिंतीवर चढली. शेवटी दिवा हिरवा झाला.

काही नाही. डबी मुकी. दिगंबररावांच्या कपाळावर घामाचे थेंब आले होते, डोळे एका जागी रोवल्यासारखे होते. निलोफरने सांगितलं होतं, वाट बघा. दोघी वाट बघत होत्या.

आणि डबीतून आवाज आला. त्यात ना गोडवा, ना अभिनय. जड, कोरडा, खरवडून काढल्यासारखा एकच शब्द.

“चहा.”

रोहिणीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. नाही, बरोबरच ऐकलं होतं. हाच तो शब्द, हाच तो सूर. सकाळी सात वाजता पेपराच्या मागून यायचा तो. इतकी वर्षं अडून राहिलेला माणूस आज मोकळा झाला आणि पहिला शब्द काय बोलला, तर चहा! तिच्या डोक्याला हे कळायच्या आत तिचे पाय स्वयंपाकघराकडे वळले होते. पायांना जुनी सवय होती.

तिने शेगडी लावली, भांडं आपटलं, नळ भसाभसा सोडला. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. “घ्या रोहिणीबाई,” ती स्वतःशीच म्हणाली, “हौस होती ना खऱ्या माणसाची? आला बघा खरा माणूस. आबासाहेबांना घालवलंत आणि हे आणलंत.” तिने साखर टाकली, पावडर टाकली, दूध ओतलं. गाऊनच्या बाहीने नाक पुसलं. अस्सल आहे, हो. एका शब्दाचा. चालेल म्हणाला होतात ना? मग आता चालवून घ्या.

दारात सानिका येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“आई, तू उठून का आलीस?”

“चहा हवाय ना त्यांना.”

“आई, वाक्य संपलं नव्हतं.”

रोहिणी चमचा हातात घेऊनच वळली. “काय?”

“बाबांचं वाक्य. तू आत आलीस आणि पुढचा शब्द आला. मग किती वेळाने आणखी एक. मी म्हटलं, तुला हाक मारू नये, बोलणं मधेच थांबलं तर.” सानिकाने डोळे पुसले. “‘चहा तू घेतलास?’ असं म्हणत होते ते.”

रोहिणी शेगडीपुढे उभी राहिली. हा प्रश्न तिला या घरात कधी कुणी विचारला नव्हता. सासूबाईंनी नाही, लेकीने नाही, आबासाहेबांनीसुद्धा नाही. त्यांच्या नाटकात तो नसणार. आणि आज तो आला, तर एका शब्दावरून उरलेलं सगळं तिने स्वतःच भरून टाकलं आणि ती पाठ फिरवून निघून आली. यंत्राला कुठल्या तोंडाने नावं ठेवायची?

लेकीला घेऊन ती बाहेर गेली. खुर्ची पलंगाच्या इतकी जवळ ओढली की गुडघे लाकडाला टेकले. दिगंबररावांचे डोळे दाराकडेच लागले होते. ते तिच्यावर आले.

“नाही घेतला अजून,” ती म्हणाली. “सकाळपासून नाही. तुम्ही बोला. मी बसलेय.”

डबी गप्प होती. त्यांच्या कपाळावरची शीर तटतटली. ती वाट बघत राहिली. आत चहा उतू गेला, शेगडीवर चर्र झालं, जळका वास बाहेर आला. दोघींतली एकही उठली नाही.